दत्ताची रेघ आणि माझी गन

दत्ता, तू विडी कधी ओढलीस रे? अकरा वर्षं आपण एकत्र काम केलं, तुझ्या खिशात मी कधी काडेपेटी पाहिली नाही. वर्कशॉपच्या मागे कुणी सिगारेट पेटवली तर नाकाला रुमाल लावून आत जाणारा तू. आणि तुझ्या तेराव्याला सावंतवाडीहून वहिनींचा फोन येतो आणि त्या मला विचारतात, "भावोजी, तुम्हाला ठाऊक होतं ना, हे तिकडे चोरून विड्या ओढायचे ते?"

मी काय म्हणालो माहीत आहे? "कधीतरी, वहिनी. कधीतरी एखादी." असं म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

हे तुला लिहितोय ते त्यासाठीच. श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही. इथे मस्कतच्या मराठी मंडळाने तुझा फोटो ठेवला, हार घातला, चार जण बोलले. हसतमुख, निगर्वी, सर्वांच्या मदतीला धावणारा. तू हसतमुख? सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत तू माणसात नसायचास. मलाही बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. पण तिथे उभा राहिलो असतो तर खरं बोलावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

वादी कबीरच्या त्या वर्कशॉपमध्ये आपल्या ओमानी मालकाने, अर्बाबने, आपल्या दोघांना एकाच आठवड्यात आणून उभं केलं. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. साचे, प्लॅस्टर आणि स्प्रे गन एवढंच माझं शिक्षण. तू सावंतवाडीचा, गंजिफा आणि लाकडी फळं रंगवणाऱ्या घरातला, हातात केसाएवढी रेघ घेऊन आलेला. अर्बाब जपानला जाऊन आला होता आणि तिथल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रेमात पडला होता. कहवा प्यायचे ते बिनकानाचे छोटे पेले, फिंजान, इथे घरोघरी असतात. ते जपानी मातीत, जपानी पद्धतीने, आपल्याच वर्कशॉपमध्ये हाताने रंगवायचे हे त्याचं वेड. त्याने गॅसची भट्टी आणली, पांढऱ्या मातीची पोती आणली आणि तीन महिन्यांसाठी मोरी-सान नावाचा एक वाळकासा म्हातारा आणला.

मोरी-सानला इंग्रजी येत नव्हतं, तुला मालवणीशिवाय काही बोलायची इच्छा नसायची, आणि तुमचं झकास जमलं. निळा रंग, त्याला ते गोसू म्हणतात, चहाच्या काढ्यात खलायचा हे त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं. चहामुळे रंग फुटत नाही, रेघेला धरून राहतो. तू वाटीचा वास घेतलास आणि मला म्हणालास, "पेणकरा, हेच्यात दूध घाल नि अर्बाबाक दी." मोरी-सानला एक अक्षर कळलं नाही, तरी तो तुझ्याबरोबर हसत सुटला.

तुझी रेघ पाहिल्यावर मात्र तो हसायचा थांबला. एकदा हलकं भाजलेलं ते भांडं खडूसारखं कोरडं असतं, कुंचला टेकताक्षणी त्यातलं पाणी पिऊन टाकतं. हात थबकला की डाग, हात घाईत गेला की रेघ तुटकी, आणि खोडायची सोय नाही. त्याने लाटांची नक्षी काढून दाखवली. तू श्वास रोखलास, पेला डाव्या हातात फिरवत गेलास आणि उजवा हात जागचा न हलवता सगळी लाट काढून पेला खाली ठेवलास. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून तो पेला उजेडात धरून बघत बसला. मग त्याने तुला दुसरं काम शिकवलं, रेघांच्या मधली जागा भरायचं. त्याला कोवळ्या वांग्याएवढा जाडा कुंचला लागतो. त्यातून निळं पाणी सोडायचं आणि ते मुरायच्या आत जास्तीचं परत कुंचल्यात शोषून घ्यायचं. जपानात रेघ मारणारा वेगळा आणि भरणारा वेगळा असतो म्हणे. आपल्याकडे दोन्ही तूच.

आणि एवढं करून ते सगळं गडप व्हायचं. झिलई, म्हणजे दगडाच्या पुडीचं ते दाट पाणी, चढवली की पेला नुसता पांढरा, चुनाच फासल्यासारखा. तुझी रेघ त्याच्याखाली. भट्टी तेराशे डिग्रीला जाऊन पूर्ण निवेपर्यंत काय झालंय ते कुणालाच कळत नाही. मग ती पांढरी पूड काच झालेली असते आणि तिच्याखाली तुझी काळपट रेघ निळीशार. भट्टीचं दार उघडताना तू दर वेळी पाठ करून उभा राहायचास आणि मला विचारायचास, "आसा काय?" आहे म्हटल्यावर वळायचास. त्यानंतर वरून लाल आणि सोनेरी काम आणि तिसरी मंद भट्टी. एका फिंजानामागे इतकी उस्तवार, आणि त्यात मावतो तीन घोट कहवा.

झिलईचं काम माझं. मोरी-सानने शिकवलं ते असं: पेल्याची तळाची कड तीन बोटांत धरायची, बादलीत बुडवायचा, मनात तीन मोजायचे, बाहेर. बोटांच्या जागा उघड्या राहतात, त्या कुंचल्याने भरायच्या. संध्याकाळी खोलीत झाडू नाही, ओलं फडकं. भाजलेल्या पेल्याची कड घासायची तीही ओल्या स्पंजाने. एकदा मी वाळलेली झिलई नखाने खरवडायला लागलो, पांढरी धूळ उडाली, तर म्हाताऱ्याने माझ्या हातावर चापट मारली आणि स्वतःच्या छातीवर दोनदा मूठ आपटली. त्याचा अर्थ आपल्याला कळला नाही असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. कळला होता, दत्ता. तुलाही आणि मलाही.

तो गेल्यावर पाच वर्षं आपण त्याचंच ऐकलं. मग २०१२च्या उन्हाळ्यात ती लग्नाची मोठी ऑर्डर आली. अर्बाब रोज येऊन "यल्ला, यल्ला" करायला लागला. एकेक पेला बुडवत बसलो तर लग्न होऊन बारसं आलं असतं. मी म्हटलं, पेणला आम्ही हजारो गणपती गनने रंगवतो, हे काय घेऊन बसलात! कॉम्प्रेसर आणला, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला आणि झिलई फवारायला लागलो. काम पाचपट. तू दारात उभा राहून बघितलंस आणि म्हणालास, ह्या झिलईत जीव नाही. बुडवलेल्या पेल्यावर ती ओठाशी पातळ आणि तळाशी जाड उतरते, निळ्याला खोली येते. गनची झिलई म्हणजे भिंतीला दिलेला डिस्टेंपर. मी म्हटलं, लग्नातल्या पाहुण्यांना कळतंय ते. तू खांदे उडवलेस. हा आपला वाद कधीच संपला नाही, आणि आज कबूल करतो, तुझंच खरं होतं.

पण खरी चूक त्याच्यानंतरची. जूनमध्ये मस्कतची दुपार कशी असते ते वेगळं सांगायला नको. पत्र्याखाली मास्क लावून फवारताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कॉम्प्रेसरवर कोसळलो. तूच उचललंस, तोंडावर पाणी मारलंस आणि म्हणालास, "आत ये रे मेल्या, भायर मरशीत." आत म्हणजे तुझ्या खोलीत. वर्कशॉपमध्ये एसीची खोली ती एकच. तुझ्या टेबलापासून चार हातांवर मी गन मांडली. म्हटलं, दोन महिने, गर्मी सरेपर्यंत. भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा होता, तो पहिले काही दिवस चालू ठेवला. पण तो धुळीबरोबर एसीची थंडीही बाहेर फेकायचा, खोली गार होईना. म्हणून मी तो बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, तूही नाही. मीच बटण दाबलं.

गर्मी सरली. गन आतच राहिली. पुढच्या वर्षीची गर्मी आली आणि गेली. मग ती तिचीच जागा झाली.

मला मास्क होता, कारण गन माझ्या हातात होती. तुला मी हजारदा म्हटलं असेन, "मास्क लाव." तुझं ठरलेलं उत्तर, "रेघ मारताना माझो श्वास खय आसता ता तुका म्हायत आसा? चष्म्यार धुका येता. तू तुझी गन भायर घेवन जा, मगे माका मास्क नको." मग मी म्हणायचो हट्टी आहेस, तू म्हणायचास तू आळशी आहेस, आणि दोघेही आपापल्या कामाला लागायचो. आपल्याला वाटायचं हे नेहमीचं भांडण आहे. दुपारपर्यंत तुझ्या केसांवर, भुवयांवर, चहाच्या कपावर पांढरा थर बसायचा. तू तो थर बोटाने पुसून म्हणायचास, "बघ, म्हातारो झालंय." आणि मी हसायचो. ते हसणं आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नुसतं हेच आठवतं असंही नाही. शुक्रवारी वादी अदाईच्या आमच्या घरी तू जेवायला यायचास, येताना बाजारातून बांगडे आणायचास आणि स्वयंपाकघरातून माझ्या बायकोला, मीनाला, बाहेर काढायचास. तिला राग यायचा, पण तुझी सोलकढी प्यायल्यावर जायचा. अर्बाबने जपानहून नव्या कारागिरांच्या कामाचा जाडजूड कॅटलॉग आणला होता, तो तू आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडून बसायचास. अर्ध्या भागाला झिलईच नाही अशी भांडी, कागदाएवढ्या पातळ वाट्या, छापील चिकटचित्रं लावून भाजलेली नक्षी. चिकटचित्रं पाहून तू भडकायचास, आणि उघड्या मातीची भांडी पाहून गप्प व्हायचास. म्हणायचास, ह्या पोरांनी झिलई कुठे थांबवायची ते ओळखलंय, हे रेघेपेक्षा कठीण. आमच्या ईशाला तू तसाच एक पेला करून दिलास, वरचा अर्धा निळा, खालचा अर्धा नागडा, हाताला खरखरीत. ती त्यात पेनं ठेवते. तुझ्यामुळे मला ह्या कामात बघण्यासारखं काय आहे ते दिसलं, नाहीतर मी साचे ओतणारा माणूस. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसला असतास.

खोकला सुरू झाला तेव्हा आपण एसीला दोष दिला. मग जिना चढताना तू मध्येच थांबायला लागलास. डॉक्टरकडे जाऊ म्हटलंस, तर मी काय म्हणालो? "आधी व्हिसाचं मेडिकल होऊ दे. उगाच फाइल कशाला उघडायची." इथे सगळेच असं म्हणतात. छातीच्या फोटोत काही दिसलं की खलास, घरी पाठवतात, म्हणून माणसं मेडिकलपर्यंत सिरप पिऊन खोकला दाबतात. तूही सात महिने दाबलास. फोटोत दिसायचं ते दिसलंच. टीबी असेल म्हणाले, थुंकी तपासली, टीबी नव्हता. पण व्हिसाचं कार्ड काही झालं नाही, तुला घरी पाठवलंच. विमानतळावर तुझी बॅग मी ओढत होतो, आणि तू चार पावलांवर थांबून दम घेत होतास आणि मोबाइलवर कुणाचा तरी मेसेज वाचत असल्याचं नाटक करत होतास. मी ते नाटक खरं मानलं.

गावाहून तुझे फोन यायचे. वाक्यं छोटी छोटी होत गेली. आणि जाण्याच्या दोन महिने आधी तू तो फोन केलास. वहिनी देवळात गेल्या होत्या. "डॉक्टर इचारी होते, दगडाच्या खाणीत होतंस काय म्हणान. मी म्हटलंय, चितारी आसंय, खाण खयची?" मग बराच वेळ ऑक्सिजनच्या नळीतल्या हवेचा आवाज. "हिका मी विडयेचा सांगलंय. तुका इचारल्यान तर तसाच सांग." मी म्हटलं, अरे पण का? म्हणालास, "खरा कळला तर हिचो भावस तुझ्या पेणच्या घराकडे जायत. थय तुझी आवस एकटी. नि हय वर्कशॉप बंद पडात. पोरगी शाळेत आसा तुझी. तू खय जाशीत?"

मी नुसतं "आराम कर" म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. तुझा मित्र, तुझ्या पंगतीला अकरा वर्षं बसलेला, तू श्वासासाठी तडफडत असताना त्याला हायसं वाटलं. हे लिहायचं नसेल तर बाकी सगळं लिहून काय करायचं?

तू गेल्याचं कळलं त्या सकाळी मी वर्कशॉपमध्ये जाऊन तो पंखा चालू केला. सहा वर्षांनी. पाती चिकटली होती, घरघर करून फिरली आणि पांढरा भुगा खाली पडला. दुसऱ्या दिवशी गन उचलून बाहेर टाकली. अर्बाबला सगळं सांगितलं. तो तुझ्या खुर्चीवर बसून राहिला आणि डोळे पुसत म्हणाला की मला आधी का नाही सांगितलंस. त्यालाही काय सांगणार? रोज दारातून आत बघायचा तोही. आता मी पुन्हा बादलीत बुडवतो. पेले रेघेशिवायचे, नुसते पांढरे.

तेराव्याला वहिनींशी बोलून फोन ठेवला तेव्हा ईशा मागे उभी होती. दहावीत आहे आता, मराठी बोलताना शब्द शोधते. म्हणाली, "बाबा, काका तर स्मोक नाही करायचे."

मी म्हटलं, तुला काय माहीत.

"ही हेटेड इट. सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आंटीला खोटं का बोललात?"

मीना म्हणाली, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. ईशा गेली नाही. म्हणाली, "काका आता सांगू नाही शकत ना. मग कोण सांगणार?" मी तिच्यावर ओरडलो. ती खोलीत गेली आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या आठ दिवसांत मी पुष्कळ हिशेब मांडले, वर्कशॉपचा, व्हिसाचा, पेणच्या आईचा. ते सगळे तू आधीच मांडून ठेवले होतेस माझ्यासाठी. पण तिकडे सावंतवाडीत तुझ्या फोटोकडे बघून तुझी बायको रोज तुला दोष देत होती, आणि ते मी ऐकून घेतलं होतं. तू माझ्या चुकीला स्वतःचं नाव दिलंस आणि मी त्याच्याखाली सही केली.

काल शुक्रवार होता. जेवण झाल्यावर मीनाला सांगितलं, बेडरूमचं दार लावलं आणि वहिनींना फोन केला. म्हटलं, "वहिनी, तेराव्याला मी खोटं बोललो. दत्ताने जन्मात विडी ओढली नाही." मग थांबलोच नाही. झिलईची धूळ, गन, ती मी आत आणली ते, पंखा बंद केला ते, माझा मास्क, त्याचा नसलेला मास्क, मेडिकलपर्यंत थांब म्हणालो ते. तू विडीचं का सांगितलंस तेही. मला वाटलं त्या शिव्या देतील, भावाला पाठवीन म्हणतील. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

तिकडे मागे कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. माझ्याशी नेहमी जपून, शुद्ध बोलणाऱ्या वहिनी, पण आता त्यांना ते भान नव्हतं.

"म्हणजे तेंनी काय एक करूक नाय?"

"नाही, वहिनी."

"पाणी दिताना सुदीक मी तोंड फिरवी होतंय. दोन म्हयने. पोरांका सांगलंय, बापाशीन आपल्या हातान मरण हाडल्यान. ते पडान आयकी होते. गप." त्यांचा श्वास मला इथे ऐकू येत होता. "ह्या विडयेचा खोटा आसा ता तुमका तेव्हाच म्हायत होता?"

मी हो म्हणालो.

"मगे तेव्हाच फोन कित्याक करूक नायत, भावोजी? ते आसताना?"

मी सांगू शकलो असतो की तूच मला नको म्हणाला होतास. ते खरंही होतं. पण दत्ता, तुझ्यामागे आणखी एकदा लपायचं माझ्याने झालं नाही.

"मला बरं वाटलं होतं, वहिनी," मी म्हणालो.